जुनी होडी, कुजलेली फळी आणि विक्रेत्याची हमी

वाशीम जिल्ह्यांतील आठवड्याच्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी प्रथम त्याचें तोंड उघडून दांत पाहतो. मग त्यास चालवितो, खुरें उचलून पाहतो, पाठीवर थाप मारतो. आणि एवढी परीक्षा झाल्यावरच दलालाच्या रुमालाखालीं बोटें धरून भावाची बोलणी सुरू होतात. जनावर दुसऱ्याचें वापरलेलें आहे आणि विकणारा त्याचे गुणच तेवढे सांगणार, हें त्यास पक्कें ठाऊक असतें. जुन्या होडीस मात्र दांत नसतात. तिचें वय रंगाखालीं झांकतां येतें, आणि तिचा रोग बहुधा अशा ठिकाणीं असतो कीं जेथें घेणाऱ्याची नजर जात नाहीं.

होडी आणि वाशीम हा संबंध कित्येकांस चमत्कारिक वाटेल. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा झालेला हा जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. परंतु पैनगंगा रिसोड आणि वाशीम तालुक्यांतून वाहते. कारंजाच्या बाजूस अडाण नदीवर धरण आहे. वाशीम शहरास पाणी पुरविणारा एकबुर्जीचा जलाशय तर शहराच्या जवळच आहे. पाणी साठलें तेथें मासा आला, आणि मासा आला तेथें भोयाचें जाळें आलें. पूर्वीं नदीच्या डोहांत एकाच खोडाचा कोरलेला डोंगा पुरत असे. धरणाच्या रुंद पाण्यावर वारा सुटला म्हणजे डोंग्याचा भरंवसा धरवत नाहीं, आणि नवी होडी बांधून घेण्याइतका पैसा मासेमाराच्या गांठीं क्वचितच असतो. तिकडे कोंकणच्या किनाऱ्यावर लांकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. तेव्हां एखादी वापरलेली लांकडी होडी थोड्या पैशांत घेऊन मालमोटारींतून वऱ्हाडांत आणावी, असा विचार कोणाच्या मनांत आला तर त्यांत नवल नाहीं.

समजा, अशा एका जलाशयावरील चार भोई कुटुंबांनीं वर्गणी करून किनाऱ्यावरच्या एका विक्रेत्याकडून चाळीस हजार रुपयांस होडी घेतली. एकानें बायकोच्या पाटल्या गहाण ठेविल्या, दुसऱ्यानें सोयाबीनचे पैसे घातले. होडी नुकतीच रंगविलेली होती. ‘दहा वर्षें हिच्याकडे बघावें लागणार नाहीं’, असें विकणारा चार माणसांदेखत म्हणाला. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यांत एके सकाळीं जाळें ओढीत असतां उभ्या माणसाच्या टांचेखालीं फळी दबली आणि पाय घोट्यापर्यंत आरपार गेला. पोहतां येत होतें म्हणून माणूस वांचला. रंग खरवडून पाहतात तों फळीच्या कडेचा बोटांनीं भुगा होऊं लागला. विक्रेत्यास फोन केला तेव्हां तो म्हणाला, ‘जुना माल होता, तुम्हीं डोळ्यांनीं पाहून घेतलात, आतां माझ्याकडे काय?’

ह्या उत्तरांत खरें किती आणि खोटें किती, हें ठरविण्यापूर्वीं लांकूड कां कुजतें तें पाहावें लागतें. कारण पुढें कायद्याचा सारा वाद त्यावरच येऊन ठेपतो.

लांकूड पाण्यानें कुजतें, ही समजूत अर्धीच खरी आहे. विहिरीच्या तळाशीं जांभळीचें लांकूड घालण्याची जुनी रीत आहे; तें सदैव पाण्यांत राहून टिकतें. जुन्या वाड्याच्या माजघरांतील तुळईस वर्षानुवर्षें पाण्याचा थेंबही लागत नाहीं, तीही टिकते. कुजतो तो कुंपणाचा खांब, आणि तोही नेमका जमिनीच्या रेषेशीं, जेथें ओल आणि हवा यांची गांठ पडते. लांकूड खाणारी असते ती एक बुरशी. तिचे तंतु डोळ्यांस न दिसतील इतके बारीक असतात आणि ते लांकडाच्या पोटांत शिरून त्याचें सत्त्व शोषून घेतात. तिला अन्न, ऊब, हवा आणि ओल हीं चारही लागतात. लांकडांतील ओल शेंकडा वीसच्या खालीं राहिली तर तिची वाढ होत नाहीं. आणि लांकूड पूर्णपणें पाण्यांत बुडून राहिलें तर हवेवांचून तिचें चालत नाहीं. म्हणून होडीचा सदा पाण्याखालीं असणारा तळ पुष्कळदां धडधाकट असतो, आणि पाण्याच्या वरच्या फळ्या, जेथें पावसाचें पाणी झिरपून अडकतें, त्या कुजतात.

कुजण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. एकींत लांकूड तपकिरी होऊन आडव्याउभ्या चिरांनीं त्याचे जळक्या लांकडासारखे चौकोनी तुकडे पडतात व चिमटींत धरल्यास पीठ होतें. दुसरींत तें फिकट, मऊ आणि तंतुमय होतें. इंग्रजींत पहिल्या प्रकारच्या एका कुजीस ‘ड्राय रॉट’, म्हणजे कोरडी कूज, असें नांव पडलें आहे. तें नांव ठेवणाऱ्यानें लांकूड शेवटीं कोरडें पाहिलें, परंतु त्याआधीं तें ओलें होतें हें पाहिलें नाहीं.

आतां कोंकणांतील होडी वाशीमला आणली म्हणजे काय होतें? समुद्रांत होडीचा मोठा शत्रु बुरशी नसून लांकूड पोखरणारा शिंपल्याच्या जातीचा एक प्राणी असतो. तो दिसतो किड्यासारखा, आणि लांकडांत बोटाएवढीं लांब भोंकें पाडीत जातो. गोड्या पाण्यांत तो मरतो. तेवढें भय वऱ्हाडांत संपलें. परंतु खारें पाणी बुरशीस मानवत नाहीं. जहाज बांधतांना फळ्यांच्या पोकळींत मीठ भरण्याची चाल पूर्वीं पाश्चात्य देशांत होती ती ह्याच कारणानें. कोंकणांत रोज खाऱ्या पाण्यानें धुतली जाणारी होडी नकळत औषध घेत असते; आणि पावसाळ्यांत तेथील लोक ती वर ओढून झांवळ्यांनीं शाकारून ठेवितात, म्हणजे पावसाच्या गोड्या पाण्यापासूनही ती वांचते. तीच होडी धरणांत आली कीं मीठ धुऊन जातें आणि शाकारण्याची रीत तर इकडे कोणास ठाऊकही नसते. आधीं एखाद्या सांध्यांत बुरशी थोडीशी शिरलेली असेल, तर पहिल्या पावसांतच ती जोर धरते. उन्हाळ्यांत पाणी ओसरल्यावर काठावर टाकून दिलेल्या होडीच्या फळ्या वऱ्हाडच्या उन्हांत आकसतात, सांधे उघडतात, आणि जूनचें पाणी त्यांत सरळ उतरतें.

चांगलें लांकूड म्हणजे निर्भय, असेंही नाहीं. इंग्लंडच्या आरमाराची ‘क्वीन शार्लट’ ही मोठी युद्धनौका १८१० सालीं पाण्यांत सोडली आणि समुद्रावर कामास लागण्यापूर्वींच ती इतकी कुजली कीं तिची नव्यानें मोठी दुरुस्ती करावी लागली. तिच्या लांकडावरील अळंब्यांची जात ओळखण्यासाठीं जेम्स सॉवर्बी ह्या निसर्गशास्त्रज्ञास बोलवावें लागलें होतें. उलट मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं सागवानांत बांधलेली ‘ट्रिंकोमली’ १८१७ सालीं पाण्यांत उतरली आणि ती आजही इंग्लंडांतील हार्टलपूल येथें तरंगते आहे. मात्र सागाची ही कीर्ति खोडाच्या गाभ्याची आहे. सालीलगतचें पांढरट लांकूड सागाचें असलें तरी सहज कुजतें. ‘सागवानी आहे’ एवढें ऐकून पैसे मोजणाऱ्यानें फळींत पांढरट पट्टा किती आहे तेंही पाहावें.

आतां हमीचा प्रश्न. हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. नारदस्मृति सांगते कीं घेणाऱ्यानें माल आधीं स्वतः गुणदोषांसह पारखावा, आणि पारखून पसंत करून घेतलेला माल पुन्हा विकणाऱ्याच्या गळ्यांत घालूं नये. ज्यास पश्चात्ताप होईल त्यानें त्याच दिवशीं माल जसाचा तसा परत करावा. दुसऱ्या दिवशीं परत केल्यास किंमतीचा तिसावा हिस्सा सोडावा, तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट. याज्ञवल्क्यानें तर वस्तूंप्रमाणें परीक्षेच्या मुदती दिल्या आहेत: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. त्या श्लोकांत नौकेचें नांव नाहीं. परंतु नारदानें दुसरेंही एक सांगून ठेविलें आहे. निर्दोष माल दाखवून सदोष माल जो देतो, त्याच्याकडून किंमतीच्या दुप्पट रक्कम आणि तितकाच दंड घ्यावा. म्हणजे पारखण्याचा भार घेणाऱ्यावर, आणि फसविण्याची शिक्षा विकणाऱ्यास, हीं दोन्ही सूत्रें तेथें एकत्र आहेत.

आश्चर्य असें कीं हींच दोन सूत्रें पुढें इंग्लंडच्या न्यायालयांनीं जुन्या जहाजांच्याच खटल्यांत घासूनपुसून घेतलीं. १८११ च्या बॅगलहोलच्या खटल्यांत जहाज ‘सर्व दोषांसह’ ह्या शब्दांनीं विकलें होतें. लॉर्ड एलनबरो यांनीं ठरविलें कीं अशा शब्दांनीं घेतल्यावर गुप्त दोषाबद्दल विकणारा जबाबदार नाहीं. मात्र दोष लपविण्यासाठीं त्यानें कांहीं युक्ति केली असेल तर गोष्ट निराळी. ती निराळी गोष्ट दोनच वर्षांनीं, १८१३ सालीं, श्नायडरच्या खटल्यांत पुढें आली. तेथेंही ‘सर्व दोषांसह’ हे शब्द होते. पण जहाजाचें बूड किड्यांनीं खाल्लेलें होतें आणि बुडाची मुख्य तुळई मोडलेली होती, आणि तें दिसूं नये म्हणून जहाज कोरड्या जागेवरून काढून मुद्दाम पाण्यांत तरंगत ठेविलें होतें. घेणाऱ्यास त्याची इसाऱ्याची रक्कम परत मिळाली. १८२१ च्या शेफर्डच्या खटल्यांत जाहिरातींत जहाज ‘तांब्याच्या खिळ्यांनीं जोडलेलें’ म्हटलें होतें, आणि निघालें तें अर्धवटच तसें. न्यायालय म्हणालें, सर्व दोष म्हणजे तांब्याच्या खिळ्यांच्या जहाजांत असूं शकतील ते दोष. जें वर्णन केलें तें तरी खरें असलेंच पाहिजे.

आपल्या देशांत आज १९३० चा मालविक्रीचा कायदा लागू आहे, आणि त्याच्या सोळाव्या कलमाचा आरंभच घेणाऱ्यास सावध करणारा आहे: मालाचा दर्जा किंवा उपयुक्तता यांविषयीं एरवीं कोणतीही अध्याहृत हमी नसते. त्यास अपवाद मुख्यतः दोन. विकणाऱ्याचा त्या मालाचा धंदाच असेल, घेणाऱ्यानें आपलें काम त्यास सांगितलें असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर माल त्या कामास योग्य असला पाहिजे. आणि धंदेवाल्याकडून वर्णनावरून घेतलेला माल बाजारांत त्या वर्णनाचा म्हणून चालण्यासारखा असला पाहिजे. परंतु घेणाऱ्यानें तो तपासला असेल, तर तपासणींत जो दोष दिसावयास हवा होता त्याबद्दल तक्रार चालत नाहीं. वरील चार कुटुंबांच्या बाबतींत येथेंच खरी मेख आहे. त्यांनीं होडी पाहिली खरी. पण ताज्या रंगाखालची कूज साध्या नजरेस दिसावयास हवी होती काय? विक्रेता होड्यांचा व्यापारी होता, कीं आपली एकच होडी विकणारा मासेमार होता? पहिला असेल तर कायदा घेणाऱ्याच्या बाजूस बराच झुकतो. दुसरा असेल तर जें बोलून किंवा लिहून ठरलें तेवढ्यावरच मुख्य भिस्त राहते.

ह्या कायद्यांत ‘अट’ आणि ‘हमी’ हे निराळे शब्द आहेत. अट म्हणजे सौद्याचा मूळ हेतु. ती मोडली तर माल परत करतां येतो. हमी ही जोडीची गोष्ट. ती मोडली तर नुकसानभरपाई मिळते, माल परत करतां येत नाहीं. आणि माल एकदां स्वीकारल्यावर अटीचा भंगही बहुधा हमीच्या भंगासारखाच मानावा लागतो. म्हणून दोन पावसाळे वापरलेली होडी परत देण्याची भाषा सोडून, ती जशी सांगितली तशी असती तर तिची किंमत काय झाली असती आणि प्रत्यक्षांत काय होती, ह्या फरकाची मागणी करणें अधिक शहाणपणाचें. मात्र लबाडी सिद्ध झाली तर सौदाच रद्द करण्याची वाट १८७२ च्या करार कायद्यानें मोकळी ठेविली आहे.

गप्प राहणें ही लबाडी होते काय, असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील. त्याच करार कायद्याच्या सतराव्या कलमाखालीं घोड्याचीं उदाहरणें दिलेलीं आहेत. घोडा सदोष आहे हें ठाऊक असून विकणारा कांहीं बोलला नाहीं, तर तेवढ्यानें लबाडी होत नाहीं. परंतु घेणारी त्याची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळेंच सांगणें त्याचें कर्तव्य होतें. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्हीं नाहीं म्हटलें नाहींत तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन’, आणि विकणारा त्यावर मुकाट राहिला, तर तें मुकाट राहणें बोलण्याइतकेंच बांधतें. हें तिसरें उदाहरण प्रत्येक घेणाऱ्यानें पाठ करून ठेवण्यासारखें आहे. होडीच्या काठाशीं उभें राहून, दोन साक्षीदारांदेखत, ‘हिच्यांत कोठें कूज नाहीं ना? नसेल तर तसें लिहा’ एवढेंच म्हणावयाचें. प्रामाणिक माणूस लिहून देतो किंवा दोष दाखवितो. दुसरा चहा मागवितो.

आणि कुजलेल्या जागीं पुटीं भरून वर रंग दिलेला आढळला, तर तो मुकाटपणा राहत नाहीं. ती १८१३ सालच्या जहाजासारखी युक्ति झाली. म्हणून कूज सांपडतांच रागानें फळी उपटून टाकूं नये. छायाचित्रें घ्यावींत, पुटीं व रंगाचे थर दिसतील असा तुकडा कापून कागदांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावा (प्लास्टिकच्या पिशवींत तो आणखी कुजतो), होड्या बांधणाऱ्या एखाद्या सुताराचें लेखी मत घ्यावें, आणि विक्रेत्यास स्पीड पोस्टानें पत्र पाठवून होडी पाहण्याची संधि द्यावी. दुरुस्ती आधीं आणि पत्र नंतर, असें केलें कीं विक्रेता म्हणतो, कूज होतीच कशावरून? दोन पावसाळ्यांनंतर हा प्रश्न रास्तही असतो. कारण वर सांगितल्याप्रमाणें गोड्या पाण्यांत बुरशी झपाट्यानें वाढते. कुजीची खोली, तिच्यावरचे रंगाचे थर आणि गंजलेल्या खिळ्यांभोंवतींचें लांकूड हेच तेथें साक्षीदार.

दाद मागण्यास वाशीमच्या माणसास आतां कोंकणांत जावें लागत नाहीं. २० जुलै २०२० पासून अमलांत आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढें तक्रार करतां येते. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाहीं. मुदत दोन वर्षांची. धंद्यासाठीं घेतलेला माल ह्या कायद्यांतून वगळला आहे, परंतु स्वतः राबून पोट भरण्यासाठींच घेतलेली वस्तु वगळलेली नाहीं. अर्थात् समोरचा व्यापारी असावा लागतो. एखाद्या मासेमारानें आपली एकुलती एक होडी विकली असेल तर दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते, आणि तेथें कराराच्या दाव्यास मुदत तीन वर्षांची.

फायबरची वापरलेली होडी घेणाऱ्यास कारखान्याचें छापील हमीपत्र दाखविलें जातें. त्याची मागची बाजू वाचावी. पुष्कळ हमीपत्रें पहिल्या मालकापुरतींच असतात. आणि बांधणींतील दोष भरून देण्याचें वचन असलें तरी मालकानें पुढें पाडलेल्या भोंकांतून पाणी शिरून फायबरच्या आंतील प्लायवूड कुजलें, तर तें बहुधा वगळलेलें असतें. विम्याचीही आशा धरूं नये. १९६३ च्या सागरी विम्याच्या कायद्यांत नेहमींची झीज, वस्तूचा अंगभूत दोष, आणि उंदीर व कीटक यांमुळें झालेलें नुकसान करारांत तसें स्पष्ट लिहिल्याखेरीज विमा कंपनीच्या माथीं पडत नाहीं.

ह्या साऱ्या यातायातीपेक्षां घेण्यापूर्वींचा एक तास स्वस्त पडतो. एक बारीक टोचा, एक लहान लांकडी हातोडी आणि विजेरी एवढें बरोबर असावें. होडी कोरडी, वर ओढलेली आणि शक्य तर रंग न दिलेली पाहावी. पाण्यांत तरंगत असलेली होडी पाहून सौदा करूं नये. हातोडीनें ठोकीत गेलें असतां धड लांकूड खणखणतें, कुजलेलें बद्द वाजतें. नाळेच्या आंतील कोपरा, फळ्यांचीं आडवीं टोंकें, बसण्याच्या फळ्यांचे सांधे, कांठाच्या पट्टीखालची बाजू, फासळ्यांचीं बुडें आणि प्रत्येक लोखंडी खिळ्याभोंवतींची जागा, येथें टोचा दाबावा. धड लांकडांत तो रेटा दिल्याशिवाय जात नाहीं, आणि ओढून काढतांना लांब धस निघते. कुजलेल्यांत अलगद शिरतो. विक्रेता टोचा लावूं देत नसेल तर परीक्षा तेथेंच संपली.

दुरुस्तीविषयीं एक मोठा गैरसमज आहे, तो असा कीं कुजलेल्या जागेवर फायबरचा थर चढविला म्हणजे काम झालें. वरून कीर्तन आणि आंतून तमाशा, अशी ती होडी होते. ओल आंत कोंडली जाते आणि बुरशीस हवें तें घर मिळतें. पहिलें काम पाणी कोठून येतें तें शोधणें. दुसरें, होडी सावलींत, वाऱ्यावर, कित्येक आठवडे वाळविणें. मग कुजलेला भाग कापावयाचा, आणि तो जेथें दिसेनासा होतो तेथें न थांबतां लांकडाच्या रेषेच्या दिशेनें आणखी हातभर पुढें जावयाचें, कारण बुरशीचे तंतु डाग दिसतो त्याच्या पलीकडे गेलेले असतात. उरलेल्या धड लांकडास टांकणखार आणि बोरिक आम्ल यांचें कढत द्रावण पाजावें; तें बुरशी मारतें, परंतु पाण्यानें धुऊनही जातें, म्हणून वाळल्यावर वरून रंग किंवा तेल हवेंच. नवें लांकूड त्याच जातीचें, वाळलेलें आणि गाभ्याचें असावें. फळीचा जोड सरळ न कापतां जाडीच्या आठपट लांबीचा तिरका कापावा, आणि गंजके खिळे पुन्हा न वापरतां तांब्याचे घालावेत.

लांकडास औषध पाजण्याच्या विद्येंत आपल्या देशाचा वांटा मोठा आहे. तांबें, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचें जगभर वापरलें गेलेलें मिश्रण डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् यांनीं १९३३ सालीं शोधून काढलें. आर्सेनिक विषारी असल्यामुळें पुढें अमेरिकेनें घरगुती कामांतून तें काढून टाकिलें. ज्या होडींत मासे ठेवावयाचे तींत तर तें नकोच. तेथें टांकणखारच बरा.

फळ्या दोनचार असतील तोंवर हा खर्च परवडतो. फासळ्यांचीं बुडें आणि मुख्य तुळई हीं कुजलीं असतील, तर सुतारानें कितीही आश्वासन दिलें तरी ती होडी पुन्हा माणसें घेऊन पाण्यांत घालूं नये. तिचे तांब्याचे खिळे आणि धड फळ्या निराळ्या विकाव्या. चार कुटुंबांच्या उदाहरणांत तुळई धड असेल आणि पुट्याचा तुकडा जपून ठेविला असेल, तर दुरुस्तीचें अंदाजपत्रक आणि तुकडा घेऊन आयोगाकडे जाण्यास त्यांस दोन वर्षांची मुदत आहे. आणि ती दोष उघडकीस आल्यापासून मोजावयाची कीं खरेदीपासून, ह्या वादांत पडावें न लागावें म्हणून त्याच महिन्यांत अर्ज दिलेला बरा.

दुरुस्त झालेली होडी वाशीमच्या उन्हाळ्यांत काठावर उघडी टाकूं नये. लिंबाच्या सावलींत, दोन ओंडक्यांवर, खालून वारा खेळेल इतकी उंच, उपडी ठेवावी. सांध्यांत कापूस व राळ पुन्हा ठासावी. आणि झांवळ्या मिळत नसतील तर पऱ्हाटीच्या काड्यांचा किंवा गवताचा उतरता छपरा तिच्यावर घालावा, होडीच्या अंगास न टेकणारा, मृगाच्या पहिल्या सरीपूर्वीं.